दोनशे चौदा चिठ्ठ्या

खुर्चीत बसण्याआधी ती दोन्ही हातांनी खुर्ची हलवून बघायची.

चष्मे दोन होते. कागदाचा वेगळा, पडद्याचा वेगळा. नाकावर नेहमी चुकीचा असायचा.

फोन उचलल्यावर हॅलो म्हणायची नाही. "बोल, कुठलं मशीन?" म्हणायची. बँकेतून फोन आला तरी.

शिंक आली की आधी समोरचे कागद बाजूला सरकवायची, मग शिंकायची.

पान उलटण्याआधी त्याची शेवटची ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा वाचायची.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं काढली आणि तिसऱ्या मजल्यावर रोज जिन्याने यायची. कुणी विचारलं तर सांगायची, "मला आतलं माहीत आहे."

घाबरली की टेबलावरच्या वस्तू एका रेषेत लावायची. ही सवय मला शेवटच्या अठरा दिवसांत कळली.

ती जाऊन आज नऊ दिवस झाले.

सगळी कंपनी तिला मावशी म्हणायची. त्याला कारण तिचा भाचा. तो आमच्याकडेच मेकॅनिक आहे. कामावर आला त्या पहिल्याच दिवशी तळघराच्या दारात उभा राहून तो ओरडला होता, "मावशी, डबा घरीच विसरलीस." दुपारपर्यंत मोठे साहेबसुद्धा तिला मावशी म्हणायला लागले. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती आणि तिची थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, अशा दोघींनी मिळून त्याला वाढवलं. घर दोन खोल्यांचं. त्याला आई एक आणि धाक दोघींचा, असं तो म्हणायचा.

मी पहिल्या दिवशी तिला अहो-जाहो केलं. ती म्हणाली, "मावशीला कुणी अहो म्हणतं का? काय शिकलीस?" मी म्हटलं, साहित्य. "म्हणजे वाचता येतं. इथं तेवढंच लागतं."

तळघरात पूर्वी मॅन्युअलांची खोली होती. चाळीस प्रकारच्या लिफ्ट, चाळीस मॅन्युअलं. मावशी त्या खोलीची राखणदार. मॅन्युअलांना तिने पुठ्ठ्याच्या रंगावरून नावं ठेवली होती. जाडं हिरवं, बारकं हिरवं, करडं, लांबट पिवळं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या इमारतीच्या छतावरच्या यंत्रखोलीतून मेकॅनिक फोन करायचा. ती तीन गोष्टी विचारायची. मशीन कुठलं, केव्हाचं, आणि तू उभा कुठे आहेस. मग सांगायची, जाडं हिरवं, पान एकशे अठरा, आणि वाचून दाखवायची. तिला चाळीसही मॅन्युअलांची खडान् खडा माहिती होती.

दोन वर्षांपूर्वी सगळी मॅन्युअलं स्कॅन झाली. कागद रद्दीत गेले. तळघरात आता गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज होतात. मावशीला वर, आमच्या खोलीत पाठवलं.

खोलीत तीन टेबलं होती. एक तिचं, एक माझं, एक इंजिनिअरचं. खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडायची. त्या भिंतीवरच्या पाइपावर कुणीतरी खडूने बाण काढून ठेवला होता. बाण कशाकडे होता ते कधी कळलं नाही.

काम असं. मेकॅनिक आपल्या फोनवर प्रश्न लिहिणार. आमची यंत्रणा मॅन्युअलांच्या अकरा हजार पानांतून त्या प्रश्नाला जवळची पाच पानं शोधणार. मग दुसरं एक यंत्र ती पाच पानं वाचून सोप्या भाषेत उत्तर लिहिणार. इंजिनिअर म्हणायचा, उत्तर लिहिणारं यंत्र हुशार आहे, पण तुम्ही समोर ठेवाल तेवढंच ते वाचतं. चुकीचं पान ठेवलंत तर चुकीचंच सांगेल, आणि अगदी गोड शब्दांत सांगेल. म्हणून सगळी मदार शोधण्यावर. मावशी आणि मी प्रश्न वाचायचो, सापडलेली पानं वाचायचो, आणि प्रत्येक पानाला गुण द्यायचो. शून्य म्हणजे काही संबंध नाही. तीन म्हणजे हेच हवं होतं. या गुणांवरून शोधणारं यंत्र शिकायचं, की कुठलं पान वर आणायचं.

सुरुवातीला शोध अगदीच वाईट होता. दाराबद्दल विचारलं तर रंगकामाचं पान यायचं. मावशीने दोन दिवस नुसतं बघितलं. मग म्हणाली, पोरं जे बोलतात ते मॅन्युअलात लिहिलेलंच नाही. मॅन्युअलात "द्वार-संपर्क" असतं, पोरं त्याला "चिमटा" म्हणतात. एका दुपारी तिने असे तीनशे चाळीस शब्द लिहून दिले. दुसरं म्हणाली, मशीन कुठलं ते आधी विचारल्याशिवाय शोधूच नका. इंजिनिअर म्हणाला, यंत्राला चार ओळींवरून अंदाज येतो. त्यावर ती म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं कुठलं ते आधी बघ."

त्याने तसं केलं. शंभर प्रश्नांच्या चाचणीत योग्य पान पहिल्या पाचांत यायचं प्रमाण सत्तावन्नवरून एक्क्याण्णववर गेलं. त्याने खोलीभर चकरा मारल्या. मावशीचे हात हातात घेतले. ती म्हणाली, "सोड आता, बांगडी फुटेल."

बारा मेकॅनिकांना यंत्रणा वापरायला दिली. भाचा त्यांच्यातलाच. सगळं नीट चाललं तर पुढच्या एक तारखेपासून चारशेही मेकॅनिकांना द्यायची, असं ठरलं.

तो गुरुवार होता. सकाळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं आमच्या पडद्यावर यायची. मेकॅनिकचं नाव दिसायचं नाही, नुसता आकडा. ही सूचना मावशीचीच. नाव दिसलं तर पोरं लाजतील, विचारणार नाहीत, असं तिचं म्हणणं.

सात नंबरचा प्रश्न होता. करड्या मशीनचा ब्रेक हाताने सोडायचाय. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत एक बाई आहेत. क्रम सांगा.

उत्तर सात पायऱ्यांचं होतं. स्वच्छ, नेमकं. ज्या पानावरून ते लिहिलं होतं ते खाली दिलं होतं. करडं मॅन्युअल, पान बासष्ट. गुण तीन.

मी म्हटलं, छान. बरोबर मॅन्युअल, बरोबर पान, तेही पहिल्या जागी.

मावशीने पेन्सिल खाली ठेवली. फुटपट्टी पेन्सिलीच्या रेषेत आणली. खोडरबर फुटपट्टीच्या रेषेत आणलं. मग म्हणाली, "हे असं नाहीये."

"काय?"

"ब्रेक आधी नाही सोडायचा. आधी चाकाला खीळ घालायची. चौथी पायरी आधी, मग तिसरी." तिने स्कॅन केलेलं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिली. "चिठ्ठी कुठे गेली इथली?"

मला कळलं नाही. तिने मला समजावलं, पण आवाज तिचा वाटत नव्हता. करडं मशीन जुनं. ब्रेकचा दांडा ओढला की वरच्या खोलीतलं मोठं चाक मोकळं होतं. खीळ नसेल तर ते गरकन फिरतं. माणसाचे हात तिथेच असतात. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी शाखेत एकाचा हात मनगटापासून गेला. मग वरून दुरुस्तीचं पत्रक आलं. पत्रक आलं की मावशी दुरुस्ती एका चिठ्ठीवर लिहायची आणि ती चिठ्ठी त्या त्या पानावर डिंकाने चिकटवायची. एकतीस वर्षं हीच पद्धत.

पडद्यावरच्या पानावर चिठ्ठी नव्हती.

प्रश्न दहा वाजून बारा मिनिटांनी आला होता. घड्याळात दहा एकतीस झाले होते.

इंजिनिअर दुसऱ्या मजल्यावर बैठकीत होता, त्याला बोलवायला मी धावले. सात नंबर कोण याची यादी मुख्य कार्यालयात होती. तो त्यांना फोन लावत जिना चढला. आम्ही खोलीत आलो तेव्हा मावशी स्वतःच एकेका मेकॅनिकला फोन करत होती. बाराही नंबर तिला पाठ होते. पहिला फोन तिने भाच्याला केला होता. त्याने उचलला नव्हता. दर दोन फोनांमागे ती पुन्हा त्याचा लावायची.

पुढच्याला विचारलं, "करड्यावर आहेस का?" तो नाही म्हणाला. तिने फोन ठेवला. त्याच्या पुढच्यालाही तेच. एरवी प्रत्येक फोनला ती चार टोमणे मारायची, त्या दिवशी एकही नाही. एकाने विचारलं, काय झालं मावशी. तिने पुढचा नंबर लावला.

मला आधी प्रत्येक "नाही" ऐकून बरं वाटत होतं. सहाव्या "नाही"ला कळलं की प्रत्येक "नाही"बरोबर उरलेल्यांवरचं संकट वाढतंय. तिला ते पहिल्यापासून कळलेलं होतं. अकरा "नाही" झाले तेव्हा तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे त्याच्या दोन बाजूंना ठेवले. जणू फोनच खाली पडणार होता.

इंजिनिअरच्या फोनवरून कुणीतरी म्हणालं की यादी शोधतोय, दहा मिनिटं द्या. त्याने मावशीकडे बघितलं आणि फोन बंद केला. यादीची आता गरज नव्हती.

भाच्याचा फोन दहा एकोणपन्नासला आला. तिने स्पीकर लावला.

"काय गं, सहा फोन? घर पेटलं का?"

"ब्रेक सोडलास?"

"सोडला की. बाई बाहेर आल्या. पोरा, तुझं भलं होवो म्हणाल्या."

"खीळ घातली होतीस?"

तो म्हणाला, "खीळ चौथ्या पायरीला होती. तिसऱ्यालाच चाक फिरलं. मी दांडा सोडून दिला, ब्रेक लागला. केबिन वीतभर वर गेली, बस."

"हात?"

"हात आहे. हातमोजा गेला."

मावशी म्हणाली, "घरी जा." तो म्हणाला, अजून दोन कामं आहेत. ती पुन्हा म्हणाली, "घरी जा, आईजवळ बस. मी येईपर्यंत कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही." फोन बंद झाल्यावर मी तिचा हात धरला.

इंजिनिअरने त्याच मिनिटाला बाराही जणांची यंत्रणा बंद केली. मग तो विचारत बसला, शोध चुकला कुठे? शोध चुकला नव्हता. त्याने बरोबर पान आणलं होतं. पानच अर्धं होतं.

स्कॅन करताना चिकटवलेल्या चिठ्ठ्या यंत्रात अडकायच्या, पानं फाटायची. म्हणून मावशीनेच त्या काढल्या. किटलीच्या वाफेवर धरून, आठवडाभर, एकेक. दोनशे चौदा. क्रमाने एका खोक्यात ठेवल्या आणि स्कॅन करणाऱ्याला बजावून सांगितलं, या पण घ्यायच्या. त्याने घेतल्या. पण लहान-मोठे कागद एकत्र गेले की यंत्र अडकतं, म्हणून त्याने त्या आकाराप्रमाणे लावल्या. मोठ्या आधी, लहान नंतर. "सुटे कागद" नावाची एक फाइल केली. चिठ्ठ्या यंत्रणेतच होत्या. पण "पान ६२. चौथी आधी, मग तिसरी" एवढ्या शब्दांना कुणाचा प्रश्न जवळचा असणार? तो कागद कुठल्याच शोधात कधीच वर आला नसता.

आणि चिठ्ठीवर मॅन्युअलचं नाव नव्हतं. एकाही नाही. चिठ्ठी मॅन्युअलातच चिकटलेली असणार, मग नाव कशाला लिहायचं?

मॅन्युअलं रद्दीत गेलेली. दुरुस्तीची पत्रकं दोन वर्षांनी फाडायची असा नियम, तीही गेलेली. स्कॅन काळं-पांढरं. डिंकाचा डाग त्यात दिसत नाही. कुठली चिठ्ठी कुठल्या मॅन्युअलची, हे फक्त मावशीच्या डोक्यात होतं.

त्या दुपारी ती मला म्हणाली, "तीन गुण मीच दिले होते त्या पानाला. मी पान वाचलंच नाही. मी आठवलं. चिठ्ठीसकट आठवलं."

त्या पानाला माझेही तीन गुण होते. तिला सगळं माहीत होतं म्हणून तिची चूक झाली. मला काहीच माहीत नव्हतं म्हणून माझी. दोघींचे गुण जुळले, की इंजिनिअर ते पक्के धरायचा. शोधणाऱ्या यंत्राने ते पान वर आणायला आमच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. एक तारीख पुढे ढकलणार नाही म्हणाले. एकवीस दिवस हातात आहेत, तेवढ्यात जी पानं दुरुस्त होतील ती घाला. इंजिनिअर म्हणाला, उरलेली? साहेब म्हणाले, उरू देऊ नका.

मावशीने एक शाळकरी वही आणली. चार रकाने आखले. चिठ्ठीचा नंबर, पहिला दिवस, दुसरा दिवस, शेरा. पद्धत तिने स्वतः ठरवली. चिठ्ठी वाचायची, आठवायचं, मॅन्युअलचं नाव पहिल्या दिवसाच्या रकान्यात लिहायचं आणि त्यावर कागद चिकटवून झाकून टाकायचं. दोन दिवसांनी तीच चिठ्ठी पुन्हा नव्याने आठवायची. दोन्ही वेळा तेच नाव आलं तरच पक्कं. "गुणांना दोन माणसं लागतात ना? इथं दुसरं माणूस नाही. मग मीच दोनदा."

मी तिला शोधून द्यायचे. चिठ्ठीवर पान बासष्ट आणि चार पायऱ्या असतील, तर चाळीस मॅन्युअलांची बासष्टावी पानं काढायची. ज्यांच्यावर चार पायऱ्याच नाहीत ती गळायची. चाळीसातून अकरा उरायची. कधी तीन. कधी एकच, मग ती सुटकेचा निःश्वास टाकायची. शोधाचं इतकं चांगलं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं, असं इंजिनिअर एकदा म्हणाला आणि लगेच पडद्याकडे वळला. त्याने लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांनाही पत्रं लिहिली. चार कंपन्यांची उत्तरं आली. बाकीच्यांतल्या बऱ्याच कधीच बंद पडल्या होत्या.

पहिले चार दिवस बरे गेले. चिठ्ठी हातात घेतली की तिचे डोळे मिटायचे, आणि ती म्हणायची, जाडं हिरवं, उजव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, तिथं कुणीतरी तेलाचं बोट लावलेलं आहे. मी नुसती बघत राहायचे.

पाचव्या दिवशी वर चिकटवलेला कागद काढला आणि खाली पहिल्यांदाच वेगळं नाव निघालं. दोन दिवसांपूर्वी तिने "बारकं हिरवं" लिहिलं होतं. आज "करडं". दोन्ही वेळा तिला खात्री होती.

ती वहीकडे बघत राहिली. मी म्हटलं, होतं असं. ती म्हणाली, "तुला कळतंय का? दोन्ही वेळा मला तेलाचं बोट दिसलं."

त्यानंतर भीती खोलीतच राहायला आली. डबा उघडायची, झाकण लावायची. जी पक्की झाली होती त्यांच्यावरही तिचा विश्वास उडाला. मला विचारायची, दोन्ही वेळा एकच चूक केली असेन तर? ते कोण ओळखणार?

यंत्रणा बंद असल्यामुळे मेकॅनिक पुन्हा तिलाच फोन करत होते. पूर्वी ती वाक्य पुरं व्हायच्या आत पान सांगायची. आता म्हणायची, थांब, हात लावू नकोस, मला बघू दे. एकाने चिडवलं, "मावशी, तूसुद्धा आता 'कृपया थांबा, शोध चालू आहे' म्हणायला लागलीस." तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. ती फोन ठेवून म्हणाली, "एकतीस वर्षं पोरं माझ्या आवाजावर दांडे ओढत होती. कुठल्या जोरावर सांगत होते मी?"

भाच्याला तिने अट घातली. ब्रेकला हात लावण्याआधी तिला संदेश पाठवायचा, काम झाल्यावर दुसरा. त्याने चार दिवस पाळलं. मग म्हणाला, मी पहिलीत नाहीये, मावशी. पाचव्या दिवशी पहिला संदेश आला आणि दुसरा आला नाही. पन्नास मिनिटं. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. मग तो स्वतःच आला. फोनची बॅटरी संपली होती, एवढंच. तिने त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि पायऱ्या उतरून गेली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हिला काहीतरी सांग ना. घरी आईपण रडते."

मी एकदा तिच्या घरी गेले होते, रविवारी दुपारी. ती पलंगावर चिठ्ठ्यांच्या छापील प्रती पसरून बसली होती. बहीण दारात उभी राहून म्हणाली, हिला उठव, पाय सुजलेत हिचे. मी म्हटलं, मावशी, आज राहू दे. तिने चष्मा काढला. बहुतेक चुकीचाच होता. म्हणाली, "प्रत्येक चिठ्ठीमागे कुणीतरी आहे गं. कुणाचं बोट, कुणाचा हात, कुणी अख्खा माणूस. उगाच कुणी पत्रक काढत नाही. मी ते लिहिलं, चिकटवलं, आणि मग स्वतःच्या हाताने सोडवून मोकळी झाले."

मी म्हटलं, तू स्कॅनवाल्याला सांगितलं होतंस.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "नाव लिहिलं नव्हतं."

ती सोमवारी सकाळी गेली. कामावर निघताना चप्पल घालायला खाली वाकली आणि तशीच बसली. भाचा घरातच होता. त्याने गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, हृदय. एक तारीख तीन दिवसांवर होती.

बहिणीने वही मला दिली. दोनशे चौदांपैकी एकशे एकतीस चिठ्ठ्या पक्क्या. सत्तावीस अशा, की ज्यांचे दोन रकाने जुळत नाहीत. छप्पन्न अर्ध्या किंवा न लावलेल्या.

इंजिनिअरने पक्क्या चिठ्ठ्या त्या त्या पानांच्या मजकुरात घातल्या. पुन्हा सुट्या होणार नाहीत अशा. उरलेल्या त्र्याऐंशींचं काय करायचं, यावर त्याने एकच उपाय काढला. त्या चिठ्ठ्यांवर जे पान-नंबर आहेत, ते चाळीसही मॅन्युअलांत बंद करायचे. चोर कुठल्या घरात आहे ते कळेना, म्हणून अख्ख्या गल्लीला कुलूप. जवळपास तीन हजार पानं बंद झाली. मोठे साहेब म्हणाले, एवढी? इंजिनिअर म्हणाला, एवढी. एक तारखेला यंत्रणा चारशे जणांकडे गेली. प्रश्न बंद पानाशी पोचला की ती लिहिते, कार्यालयात फोन करा.

तो फोन आता माझ्या टेबलावर वाजतो. काल अकरा वेळा वाजला. पलीकडून विचारतात, मावशी आहे का. मी सांगते, नाही. मग विचारतात, आता काय करू. मी म्हणते, हात लावू नका, जुना माणूस पाठवते. जुनी माणसं सहा आहेत.

वहीतली शेवटची नोंद एकशे बहात्तराव्या चिठ्ठीची आहे. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलंय, पान ८८, दुसऱ्या ओळीतलं अंतर कमी आहे, दुप्पट धरावं. पहिल्या दिवसाच्या रकान्यावर चिकटवलेला कागद मी परवा काढला. खाली "लांबट पिवळं" आहे, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मंगळवारची तारीख तिने आधीच घालून ठेवली होती. तारखेच्या पुढे काही नाही.